उंदीर दोष कोणाला देतो?

फुलंब्री परिसरात मका, गहू, हरभरा दाण्यावर आला की उंदरांचा उपद्रव वाढतो आणि झिंक फॉस्फाईडचे आमिष बिळांत टाकले जाते. पहिल्या खेपेस ते फस्त होते, उंदीर मरतात. आठवड्याने तेच आमिष टाकावे तर ते जसेच्या तसे पडून राहते. ‘उंदीर शहाणे झाले’ असे मग म्हटले जाते आणि ते खरेही आहे. मात्र ते नेमके काय शिकले, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही.

थोडे विष खाऊन आजारी पडलेला, पण वाचलेला उंदीर त्या रात्री अनेक गोष्टींच्या सान्निध्यात आलेला असतो. भरडलेले धान्य, तेलाचा वास, औषधाची चव, बांधावरची जागा. या साऱ्या खुणांत दोष कोणाला द्यायचा? सर्वांना सारखा वाटा मिळत नाही. ठळक खूण फिक्या खुणेला झाकोळून टाकते, हे पावलॉव्ह यांनी कुत्र्यांवरील प्रयोगांत पूर्वीच नोंदवले होते. जॉन गार्सिया आणि रॉबर्ट कोलिंग यांनी १९६६ मध्ये दाखवले की, पोट बिघडले तर उंदीर चवीला दोष देतो आणि विजेचा धक्का बसला तर प्रकाश व आवाजाला. १९६७ च्या एका प्रयोगात उंदरांना एक ओळखीचे आणि एक नवे अन्न देऊन नंतर आजारी पाडण्यात आले. त्यांनी पुढे टाळले ते प्रामुख्याने नवे अन्न.

सर्वांत उद्बोधक प्रयोग लिऑन कामिन यांचा. कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठात त्यांनी उंदरांना प्रथम आवाज ऐकवून विजेचा धक्का दिला. आवाजाची भीती पक्की झाल्यावर आवाजासोबत दिवाही लावला आणि धक्का तोच ठेवला. नंतर केवळ दिवा लावला असता हे उंदीर जवळजवळ घाबरलेच नाहीत! ज्या उंदरांना आधी आवाजाचे शिक्षण मिळाले नव्हते, ते मात्र त्याच दिव्याला चांगलेच घाबरले. म्हणजे दोन गोष्टी एकत्र घडल्या एवढ्याने नाते जुळत नाही. आवाजाने धक्क्याची पूर्वसूचना दिलेलीच होती, दिव्याकडे सांगण्यासारखे नवे काही उरले नव्हते. कामिन यांनी दुसऱ्या टप्प्यात धक्का वाढवला, तेव्हा दिवाही शिकला गेला. कारण आता काहीतरी अनपेक्षित घडले होते. याच अनपेक्षिततेला रॉबर्ट रेस्कोर्ला व ॲलन वॅग्नर यांनी १९७२ मध्ये गणिती सूत्रात बसवले.

शेतातील शिफारशी या कसोटीवर पाहण्याजोग्या आहेत. विषारी आमिषापूर्वी दोन-तीन दिवस नुसते तेल लावलेले धान्य ठेवावे आणि नंतर ९६ भाग धान्य, २ भाग तेल, २ भाग झिंक फॉस्फाईड असे मिश्रण द्यावे, असे सांगितले जाते. नव्या अन्नाविषयीचा संशय जाऊन उंदराने पहिल्याच वेळी पुरेसे खावे, हा मुख्य हेतू. धान्य ओळखीचे झाल्याने दोषाचा मोठा भार औषधाच्या अनोळखी चवीवर पडणेही स्वाभाविक आहे. म्हणूनच तेच औषध लगोलग पुन्हा वापरण्यात अर्थ नसतो. (ते हाताळताना निघणारा फॉस्फिन वायू माणसालाही घातक आहे, हे विसरू नये.) दुसऱ्या खेपेस ०.००५ टक्के ब्रोमॅडिओलोन सुचवले जाते. त्याने रक्त गोठण्याची क्रिया बिघडते आणि मृत्यू काही दिवसांनी येतो. तोवर उंदराने इतके काही खाल्लेले असते की त्या आमिषाकडे बोट दाखवणे त्याला जमत नाही.