आधी पावलाचे माप, मग पैसे : स्कीचे साहित्य ऑनलाइन भाड्याने घेताना

कोलकाता : दुर्गापूजेचे मंडप उतरले की कोलकात्यातील घराघरांत हिवाळी सहलीची आखणी सुरू होते. दिघा, पुरी आणि दार्जिलिंग या तीन ठरलेल्या ठिकाणांची आद्याक्षरे जुळवून बंगाली माणसाने ‘दीपुदा’ असा शब्दच घडवला आहे. ज्यांना बर्फ पाहायचा असतो, ते त्यापुढे सिक्कीमपर्यंत जातात. लाचुंग किंवा नाथू ला यांच्या वाटेवर रस्त्याकडेच्या टपरीत रबरी बूट आणि जाड कोट भाड्याने मिळतात. पैसे मोजावेत, बूट पायात घालावेत आणि परतताना काढून द्यावेत, एवढाच तो व्यवहार. बूट अंगठाभर मोठा निघाला, तरी तासाभराच्या बर्फात त्याने काही बिघडत नाही.

बर्फ पाहणे सोडून बर्फावरून घसरायला शिकायचे ठरले, की हा हिशेब बदलतो. पश्चिम बंगालमध्ये स्कीइंगची बांधीव उतारस्थळे नाहीत. त्यामुळे हौशी मंडळींना काश्मिरातील गुलमर्ग, उत्तराखंडातील औली किंवा हिमाचलातील सोलंग गाठावे लागते. तेथे लागणाऱ्या स्की, बूट, काठ्या आणि शिरस्त्राण या वस्तू सहसा कोणी विकत घेत नाही. त्या भाड्याने मिळतात आणि अलीकडे घरबसल्या आगाऊ नोंदवताही येतात. अशा नोंदणीत नेमके काय राखून ठेवले जाते आणि काय नाही, हे पैसे भरण्यापूर्वी समजून घेतलेले बरे.

सर्वांत महत्त्वाची वस्तू बूट आहे, स्की नव्हे. स्कीचा बूट कडक प्लास्टिकच्या कवचाचा असतो आणि त्याचे माप पावलाच्या लांबीवर, सेंटिमीटरमध्ये ठरते. हुगळीकाठच्या बाटानगरात घडलेल्या चपलेचा ८ नंबर येथे उपयोगाचा नाही. तो आकडा ब्रिटिश पद्धतीचा आहे आणि नोंदणीच्या अर्जात मागितलेला आकडा २६ किंवा २६.५ अशा स्वरूपाचा असतो. माप घ्यायची रीत सोपी आहे. संध्याकाळी पाऊल किंचित फुगलेले असताना टाच भिंतीला टेकवून उभे राहावे आणि भिंतीपासून सर्वांत लांब बोटापर्यंतचे अंतर मोजावे. दोन्ही पावले मोजावीत, कारण ती क्वचितच सारखी असतात. योग्य बुटात ताठ उभे राहिल्यावर बोटे पुढच्या भागाला हलकेच टेकतात आणि गुडघे वाकवले की मागे सरकतात. दुकानात पहिल्यांदा बूट घालणारा ‘घट्ट आहे’ म्हणून एक माप मोठा बूट मागतो आणि पुढचे दोन दिवस आत पाय सरकत राहिल्याने हैराण होतो.

मोज्यांचेही तसेच. थंडीचे नाव काढताच मंकी कॅप बाहेर काढणाऱ्या शहराला पटणे अवघड आहे. पण स्कीच्या बुटात मोज्यांचे दोन जोड घातले, तर पाय अधिक गार पडतात. दाब वाढून रक्ताभिसरण मंदावते. बेताच्या जाडीचा, नडगीपर्यंत येणारा एकच मोजा पुरतो, आणि तो मात्र स्वतःचा असावा.

अर्जात वजन, उंची, वय आणि कौशल्याची पातळीही विचारली जाते. हे प्रश्न निव्वळ चौकशीपोटी आहेत, असे समजून अनेक जण उत्तरे सैलपणे देतात. वास्तविक त्यांवर पायाची सुरक्षितता अवलंबून असते. बूट आणि स्की यांना जोडणाऱ्या कळीला बाइंडिंग म्हणतात. पडताना ठरावीक जोर बसला की ती सुटते आणि पाय मोकळा होतो. हा जोर किती असावा, हे वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी आणि घसरण्याची शैली यांवरून आंतरराष्ट्रीय मानकाच्या कोष्टकाप्रमाणे ठरवतात. वजन कमी सांगितले, तर बाइंडिंग भलत्या क्षणी सुटते. कौशल्य फुगवून सांगितले, तर ती सुटायला हवी तेव्हा सुटत नाही आणि लांब स्की पायाला पिळते. गुडघ्याचे अस्थिबंध अशाच प्रसंगी तुटतात. म्हणूनच नवशिक्याने ‘नवशिका’ हाच पर्याय निवडावा, मित्रमंडळींसमोर कितीही संकोच वाटला तरी.

ही जुळवणी कोलकात्यातून होऊ शकत नाही, हेही ओघानेच आले. बुटाच्या तळाची लांबी मिलिमीटरमध्ये त्याच्या टाचेजवळ कोरलेली असते आणि बाइंडिंग त्या विशिष्ट बुटासाठी बसवावी लागते. दुसऱ्या दिवशी बूट बदलून घेतला, तर जुळवणी पुन्हा करून घेण्याचा आग्रह धरावा. स्कीच्या लांबीबाबत मात्र फारसा विचार करण्याचे कारण नाही. नवशिक्याला हनुवटीच्या आसपास येणारी स्की चालते आणि ती जागेवर सहज बदलून मिळते. थोडक्यात, आगाऊ नोंदणी करायचीच असेल तर ती बुटांसाठी करावी. टोकाच्या मापांचे बूट, म्हणजे लहान मुलांचे किंवा फार मोठ्या पावलांचे, गर्दीच्या आठवड्यात आधी संपतात.

सर्वांना अशा वेगळ्या नोंदणीची गरज असतेच असे नाही. गुलमर्ग येथील भारतीय स्कीइंग व गिर्यारोहण संस्था, मनालीची अटलबिहारी वाजपेयी पर्वतारोहण संस्था आणि औलीत गढवाल मंडल विकास निगम यांचे अभ्यासक्रम चालतात. त्यांच्या शुल्कात साहित्याचा समावेश साधारणपणे असतो. प्रवेश घेतल्यावर पुन्हा खासगी दुकानात पैसे भरणे हा दुहेरी खर्च ठरतो. याउलट, गुलमर्गच्या गोंडोलाचे तिकीट साहित्याच्या भाड्यात धरलेले नसते. ते जम्मू-काश्मीर केबल कार महामंडळाकडून स्वतंत्रपणे घ्यावे लागते. गोंडोलाच्या दुसऱ्या टप्प्याने अफरवटच्या उतारावर जाण्याचा बेत असेल, तर साहित्याची यादीही बदलते. तो परिसर राखीव मार्गांबाहेरचा आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये तेथे हिमप्रपातात पोलंडचे दोन स्कीपटू मरण पावले. तेथे जाणाऱ्याजवळ ४५७ किलोहर्ट्झवर चालणारे शोधयंत्र, फावडे आणि लांब सळई असणे आवश्यक मानले जाते आणि ती वापरण्याचा सरावही हवा. नवशिक्यांचे काम खालच्या मैदानातच भागते.

आता बर्फाचा प्रश्न. आगाऊ नोंदणीतील खरी जोखीम येथे आहे. जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्गची मैदाने जवळपास कोरडी होती. बर्फ आला तो महिना सरताना. पुढच्या वर्षी ‘खेलो इंडिया’ हिवाळी स्पर्धांचा गुलमर्गमधील टप्पा फेब्रुवारीत व्हायचा होता. अपुऱ्या बर्फामुळे तो पुढे ढकलावा लागला आणि मार्चमध्ये पार पडला. राष्ट्रीय स्पर्धेची ही गत असेल, तर डिसेंबरअखेरच्या सुट्टीत चार दिवसांसाठी जाणाऱ्या कुटुंबाने बर्फ गृहीत धरू नये. रेल्वेचे आगाऊ आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून १२० ऐवजी ६० दिवस आधी खुले होते. तिकीट त्या मुदतीत काढणे भाग असले, तरी साहित्याची नोंदणी त्याच दिवशी करण्याचे बंधन नाही. निघण्यापूर्वीच्या आठवड्यात हवामान खात्याचा अंदाज पाहून ती करता येते. लवकर नोंदवण्यासाठी सवलत दिली जात असेल, तर ‘बर्फ नसल्यास काय’ या प्रश्नाचे उत्तर लेखी घ्यावे. उत्तरे तीन प्रकारची असतात : पूर्ण परतावा, तारीख बदलण्याची मुभा, किंवा काहीच नाही. तिसरे उत्तर देणाऱ्याची सवलत कितीही आकर्षक असली, तरी ती स्वस्त नव्हे.

विरळ बर्फाचा आणखी एक तोटा परत करताना कळतो. दगड उघडे पडलेले असल्याने स्कीचा तळ खरवडला जातो आणि त्याची भरपाई अनामत रकमेतून कापली जाते. साहित्य ताब्यात घेतानाच तळ आणि कडा यांचे छायाचित्रण करून ते दुकानाच्या क्रमांकावर पाठवून ठेवले, तर पुढचा वाद आटोपशीर होतो. अनामत म्हणून मूळ ओळखपत्र ठेवून घेण्याची प्रथा काही ठिकाणी आहे. काश्मिरात तपासणीसाठी ओळखपत्र जवळ लागते, त्यामुळे ते देऊन टाकणे गैरसोयीचे. पहिले आठ अंक झाकलेल्या आधारची प्रत देता येते.

कायद्याने ग्राहकाला दिलेले संरक्षण बऱ्यापैकी आहे, फक्त ते फारसे ठाऊक नाही. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० नुसार संकेतस्थळावर व्यवसायाचे कायदेशीर नाव, पत्ता आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याचा तपशील असायला हवा. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिनाभरात व्हावे लागते. व्यवसायाने स्वतः नोंदणी रद्द केल्यास तो तेवढेच शुल्क सोसणार नसेल, तर ग्राहकाकडूनही रद्द करण्याचे शुल्क घेता येत नाही. ‘नुकसानीचा विमा’ यासारख्या चौकटीत आधीच खूण करून ठेवणे याच नियमांनी निषिद्ध आहे. ग्राहकाच्या नकळत टोपलीत वस्तू घालण्याचा प्रकार नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांतील १३ फसव्या क्लृप्त्यांच्या यादीतही आहे.

गुलमर्गच्या दुकानदाराविरुद्ध दाद मागायला गुलमर्गला जावे लागत नाही, ही बाब सर्वांत मोलाची. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारदार जेथे राहतो किंवा नोकरी करतो, तेथील जिल्हा आयोगात तक्रार दाखल होऊ शकते. कोलकात्याचा रहिवासी कोलकात्यात आणि नागपूरचा नागपुरात. मोबदल्याची रक्कम ५ लाख रुपयांपर्यंत असेल तर शुल्क नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे. अवास्तव अनामत रक्कम मागणे हा ‘अन्याय्य करार’ ठरतो; अशा कराराविरुद्धची तक्रार मात्र राज्य आयोगापुढे न्यावी लागते. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर मराठी आणि बांगलासह १७ भाषांत बोलता येते.

हे सारे हक्क समोर खरोखरीचा व्यवसाय असेल तेव्हाचे आहेत. सहलींच्या नोंदणीच्या बनावट संकेतस्थळांबाबत केंद्रीय गृह मंत्रालयाच्या सायबर गुन्हे समन्वय केंद्राने एप्रिल २०२५ मध्ये इशारा दिला होता. कंपनीच्या खात्याऐवजी एखाद्याच्या वैयक्तिक मोबाइल क्रमांकावर पूर्ण रक्कम मागितली जाणे, ही पहिली खूण. ‘परतावा पाठवतो, पिन टाका’ ही दुसरी. पैसे स्वीकारण्यासाठी यूपीआयचा पिन कधीच लागत नाही. स्वतः पिन टाकून पाठवलेली रक्कम बँकेच्या दृष्टीने अनधिकृत व्यवहारात मोडत नसल्याने तेथून भरपाई मिळणे कठीण असते. फसवणूक लक्षात येताच १९३० वर कळवल्यास रक्कम पुढे सरकण्याआधी गोठवली जाण्याची शक्यता असते. तेथे पहिले काही तास निर्णायक असतात.

काश्मिरात जाणाऱ्यांसाठी एक व्यावहारिक अडचण उरते. अन्य राज्यांतून घेतलेली प्रीपेड सिमकार्डे तेथे चालत नाहीत, पोस्टपेड चालतात. उरलेली रक्कम ‘पोहोचल्यावर मोबाइलवरून’ भरण्याचे ठरवून प्रीपेड क्रमांक घेऊन गेलेल्या पर्यटकाला दुकानाच्या दारात ना ओटीपी येतो, ना यूपीआय चालते. कुटुंबातील किमान एक क्रमांक पोस्टपेड असावा, बँकेचे खाते त्याच क्रमांकाशी जोडलेले असावे आणि नोंदणीच्या पावतीची कागदी प्रत पाकिटात असावी.