मॉनिटरवरील ‘आऊट ऑफ रेंज’ ही सूचना : अर्थ व उपाय

शाळेतील संगणक सुरू करावा, यंत्र बनविणाऱ्या कंपनीचे बोधचिन्ह पडद्यावर क्षणभर दिसावे आणि त्यानंतर काळ्या पडद्यावर ‘आऊट ऑफ रेंज’ किंवा ‘इनपुट नॉट सपोर्टेड’ एवढीच अक्षरे उमटून सर्व काही थबकावे, असा अनुभव लिनक्स प्रणालीवर चालणाऱ्या संगणकाच्या बाबतीत येतो. विशेषतः संगणकास दुसरा मॉनिटर किंवा जुना प्रोजेक्टर जोडला असता तो अधिक येतो. अशा वेळी ‘संगणक बिघडला’ असा निर्णय घाईने दिला जातो. मग यंत्र कपाटात जाते. नाहीतर दुरुस्ती करणारा सर्व प्रणाली नव्याने बसवितो आणि मुलांनी काढलेली चित्रे, लिहिलेले निबंध व शिक्षकांनी तयार केलेले तक्ते कायमचे पुसले जातात. वस्तुतः या सूचनेचा अर्थ नीट समजला, तर यांपैकी काहीच करण्याची बहुधा गरज पडत नाही. तो अर्थ आणि त्यावरील उपाय येथे क्रमाने सांगावयाचे आहेत.

१. ही सूचना कोण देतो?

पहिली गोष्ट ध्यानात ठेवावयाची ती ही की, ही अक्षरे संगणक लिहीत नाही. मॉनिटर स्वतः लिहितो. याची खात्री सहज करता येते. संगणकाकडून येणारी केबल काढली, तरी मॉनिटर ‘नो सिग्नल’ अशी दुसरी सूचना दाखवितोच. या दोन सूचनांतील भेद महत्त्वाचा आहे. ‘नो सिग्नल’ म्हणजे संगणकाकडून काहीच येत नाही. ‘आऊट ऑफ रेंज’ म्हणजे येत आहे, परंतु जे येत आहे ते दाखविणे आपल्या शक्तीबाहेरचे आहे. म्हणजेच मॉनिटर जिवंत आहे, केबलीतून संकेत वाहत आहे आणि संगणक आपले काम करीत आहे. दोघांचा मेळ तेवढा बसलेला नाही.

२. मेळ कशाचा बसत नाही?

पडद्यावरील चित्र ओळीओळींनी रेखाटले जाते आणि ते साधारणपणे एका सेकंदात ६० वेळा नव्याने रेखाटले जाते. १९२० × १०८० या आकाराच्या चित्रात दिसणाऱ्या ओळी १०८० असतात. त्यांत न दिसणाऱ्या ४५ ओळी मिळविल्या की ११२५ होतात. यांस ६० ने गुणले असता सेकंदाला ६७,५०० ओळी असा हिशेब येतो. १०२४ × ७६८ या आकारास मात्र सेकंदाला सुमारे ४८,००० ओळी पुरतात. आता, ज्या मॉनिटरची शक्ती ५०,००० ओळींपर्यंतचीच आहे, त्याच्याकडे ६७,५०० ओळींचा ओघ आला तर तो काय करणार? जुन्या काचेच्या नळीच्या काही मॉनिटरांना अशा अयोग्य संकेताने इजा होण्याचे भय असे. आजचा मॉनिटर तो संकेत नाकारतो आणि तसे लिहून कळवितो. ही सूचना म्हणजे बिघाडाची नव्हे, तर संरक्षणाची खूण आहे.

३. मॉनिटरची शक्ती संगणकास कशी कळते?

मॉनिटरच्या आत एक लहानशी माहितीपट्टी साठविलेली असते. तीस ‘ईडीआयडी’ म्हणतात. तिचे पहिले प्रमाणित स्वरूप १९९४ साली ठरले आणि तिचा मूळ भाग केवळ १२८ बाइटांचा असतो. आपला निर्माता कोण, कोणते आकार व कोणत्या गती आपल्याला चालतात, हे मॉनिटर त्या पट्टीतून संगणकास सांगतो. १९८७ साली प्रचारात आलेल्या पंधरा पिनांच्या व्हीजीए जोडणीत ही माहिती १२ व्या व १५ व्या पिनेतून जाते. त्यांतील एखादी पिन वाकली, केबल हलक्या प्रतीची असली किंवा मध्ये एखादा जोडतुकडा लावला, तर रंगांचा संकेत पोहोचतो, पण ही माहिती पोहोचत नाही. मग संगणक अंदाजाने आकार निवडतो आणि तो अंदाज कधीकधी चुकतो. केबलीचे टोक तपासताना एक गोष्ट मात्र स्मरणात ठेवावी. पुष्कळ केबलींत ९ वी पिन मुळातच नसते. ती नाही म्हणून केबल सदोष समजू नये.

४. सूचना कोणत्या वेळी उमटते?

रोग्यास औषध देण्यापूर्वी दुखणे केव्हापासून आहे हे विचारतात. येथेही तेच करावे.

(अ) बोधचिन्हही न दिसता सूचना प्रारंभीच उमटली, तर लिनक्सचा त्यात संबंध नाही, कारण त्या वेळी लिनक्स सुरूच झालेले नसते. केबल दोन्ही टोकांनी काढून पुन्हा घट्ट बसवावी. दुसरी केबल, दुसरा मॉनिटर लावून पाहावा.

(आ) बोधचिन्ह स्पष्ट दिसले आणि त्यानंतर सूचना आली, तर केबल व मॉनिटर चित्र दाखविण्यास समर्थ आहेत हे सिद्धच झाले. लिनक्सने निवडलेला चित्राचा आकार तेवढा अयोग्य आहे. २००९ सालापासून लिनक्सचा गाभा प्रारंभीच हा आकार स्वतः ठरवू लागला. म्हणून दोष याच टप्प्यावर प्रकट होतो.

(इ) प्रवेशाचा परवलीचा शब्द दिल्यानंतरच सूचना आली, तर दोष त्या एका वापरकर्त्याने जतन केलेल्या निवडीत आहे. दुसऱ्या नावाने प्रवेश करून पाहिल्यास याची खात्री पटते.

५. उपाय

वरील (आ) प्रकारात पुढील कृती करावी. संगणक सुरू होताच जुन्या यंत्रावर शिफ्ट कळ दाबून धरावी; नव्या यंत्रावर बोधचिन्ह दिसताच एस्केप कळ एकदा दाबावी. ‘ग्रब’ नावाची यादी दिसेल. पहिल्या ओळीवर असताना ‘ई’ हे इंग्रजी अक्षर दाबावे. उघडणाऱ्या मजकुरात ‘लिनक्स’ या शब्दाने सुरू होणारी ओळ शोधून तिच्या अगदी शेवटी एक जागा सोडावी आणि ‘नोमोडसेट’ हा शब्द लहान इंग्रजी अक्षरांत, सलग लिहावा : एन, ओ, एम, ओ, डी, ई, एस, ई, टी. नंतर एफ-१० ही कळ दाबावी. ‘चित्राचा आकार बदलू नकोस’ असा त्या शब्दाचा आशय आहे. ज्या आकारात बोधचिन्ह दिसले होते, साधारण त्याच साध्या आकारात लिनक्स पुढे चालू लागते. हा बदल त्या एका वेळेपुरताच असतो. म्हणून तो करून पाहण्यात धोका नाही.

पडदा दिसू लागला की सर्वप्रथम मुलांचे काम पेन ड्राइव्हवर उतरवून घ्यावे. दुरुस्ती त्यानंतर.

(इ) प्रकारात, संगणकावर ग्नोम हा पडदाव्यवहार असेल, तर ही निवड वापरकर्त्याच्या घर-फोल्डरातील ‘कॉन्फिग’ या लपलेल्या फोल्डरात ‘मॉनिटर्स’ नावाच्या फाइलीत असते. कंट्रोल व एच या कळा एकत्र दाबल्या असता लपलेली फोल्डरे दिसतात. त्या फाइलीचे नाव बदलून ठेवावे व पुन्हा प्रवेश करावा. संगणक योग्य आकार नव्याने निवडतो. फाइल पुसून टाकण्यापेक्षा नाव बदलणे श्रेयस्कर, कारण मागे फिरण्याची वाट मोकळी राहते.

६. काही सावधगिरी

पडदा काळा आहे म्हणून विजेचे बटण एकदम बंद करू नये. आत संगणक चालूच असतो आणि अर्धवट लिहिलेली फाइल त्यामुळे नष्ट होऊ शकते. कंट्रोल, आल्ट व एफ-३ या कळा एकत्र दाबाव्यात. पुष्कळदा तेथे अक्षरांचा साधा पडदा दिसतो. तो दिसो वा न दिसो, त्यानंतर कंट्रोल, आल्ट व डिलीट या कळा दाबल्यास बहुतेक लिनक्स संगणक स्वतःचा पसारा आवरून पुन्हा सुरू होतात.

एका वेळी एकच बदल करावा. केबल, मॉनिटर आणि आकार ही तिन्ही एकदम बदलली, तर दोष गेला तरी तो कशाने गेला हे कळत नाही आणि पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून आरंभ करावा लागतो.

सूचनेतील नेमके शब्द, ती कोणत्या टप्प्यावर उमटली आणि आपण काय करून पाहिले, हे शाळेच्या नोंदवहीत तारखेसह लिहून ठेवावे. एवढे करूनही दोष राहिला, तर तंत्रज्ञास प्रथम ही नोंद दाखवावी आणि लेखी मागणी केल्याशिवाय प्रणाली नव्याने बसवू नये असे त्यास स्पष्ट सांगावे.

वरच्या वर्गातील मुलांना या तपासणीत अवश्य सामील करून घ्यावे. सूचना कोण देतो, ती केव्हा येते आणि त्यावरून काय सिद्ध होते, हे तीन प्रश्न त्यांनी आपणहून विचारावेत. निरीक्षण आधी आणि निर्णय मागाहून, ही शिस्त विज्ञानाच्या पुस्तकातून शिकविण्यास कित्येक तास लागतात. काळ्या पडद्यावरील दोन शब्दांच्या आधारे ती एका तासिकेत प्रत्यक्ष दाखविता येते.