विश्लेषण : 'राजदूत ३५०' रस्त्यावर ठेवणे इतके अवघड का? ई-२० पेट्रोलमुळे काय बदलले?

फटफटीच्या आवाजावरून गाडी ओळखणाऱ्या पिढीला 'राजदूत ३५०' सांगावी लागत नाही. दोन सायलेन्सर, मागे निळसर धूर आणि कानात घुमणारा टू-स्ट्रोकचा आवाज. उत्पादन थांबून साडेतीन दशके झाली, तरी चांगल्या अवस्थेतल्या गाडीला आज हौशी ग्राहक लाखांत किंमत मोजतो. महेंद्रसिंग धोनीच्या संग्रहातही ती आहे. पण विकत घेणे हा सोपा भाग. खरी परीक्षा त्यानंतर सुरू होते, आणि पंपावर मिळणाऱ्या ई-२० पेट्रोलने ती आणखी कठीण केली आहे.

ही गाडी नेमकी काय होती?

यामाहाने १९७३ मध्ये आणलेल्या 'आरडी ३५०' या स्पोर्ट्स मोटरसायकलची ही भारतीय आवृत्ती. एस्कॉर्ट्सने ती १९८३ पासून येथे बनवली. ३४७ सीसीचे, दोन सिलिंडरचे, टू-स्ट्रोक, हवेने थंड होणारे इंजिन आणि सहा गिअर. त्या काळी रस्त्यावर बजाज स्कूटर आणि बुलेट होत्या. त्यांच्यात ही गाडी म्हणजे बैलगाडीच्या शर्यतीत घोडा. सुरुवातीच्या 'हाय टॉर्क' आवृत्तीची ताकद सुमारे ३० अश्वशक्ती होती. मायलेजच्या तक्रारी आल्यावर 'लो टॉर्क' आवृत्ती आली, तिची सुमारे २७. मायलेज तरीही भारतीय ग्राहकाला पटण्याजोगे नव्हतेच. मूळ जपानी गाडीला पुढे डिस्क ब्रेक होता, येथे मात्र ड्रम ब्रेक बसवला गेला. ही काटकसर पुढे अनेकांना महागात पडली.

हवेने थंड होणारे इंजिन तापते कसे?

सिलिंडरभोवती दिसणाऱ्या ॲल्युमिनियमच्या पातळ पट्ट्या, म्हणजे फिन, हाच तिचा रेडिएटर. पाणी नाही, पंप नाही, पंखा नाही. गाडी धावते, वारा फिनमधून जातो आणि उष्णता घेऊन जातो. त्यामुळे गाडीला सर्वांत त्रास वेगात होत नाही, तर खंबाटकीसारख्या घाटात ट्रकच्या मागे खालच्या गिअरमध्ये चढताना होतो. इंजिनावर भार पूर्ण आणि वारा जवळपास नाही. शिवाय टू-स्ट्रोक इंजिनात प्रत्येक फेरीला स्फोट होतो, फोर-स्ट्रोकमध्ये दोन फेऱ्यांतून एकदा. म्हणजे तेवढ्याच गतीला उष्णतेचे धक्के दुप्पट.

फिनमध्ये चिखल आणि तेलाचा थर साचू न देणे ही पहिली देखभाल. हौसेने इंजिनावर जाड रंगाचे थर चढवणारे उष्णतेची वाट स्वतःच अडवतात. फिनच्या मधे दिसणारे रबराचे तुकडे कोणी काढून टाकू नयेत. फिनांचा झणझणाट दाबण्यासाठी ते कारखान्यातूनच बसवलेले असतात.

इंजिन 'सीझ' होते म्हणजे काय?

या गाडीच्या मालकांची सर्वांत मोठी धास्ती हीच. पिस्टन ॲल्युमिनियमचा, तर सिलिंडरच्या आतला लाइनर बिडाचा. ॲल्युमिनियम जास्त फुगते. थंड इंजिनाला किक मारून लगेच थ्रॉटल पिळला, तर पिस्टन आधी फुगतो, लाइनर मागे राहतो आणि पिस्टन घासू लागतो. म्हणून सुरुवातीचे एक-दोन किलोमीटर गाडी हळू चालवायची, ही जुन्या मेकॅनिकांची सक्ती असते. ती नुसती सवय नाही.

दुसरे कारण तेल. टू-स्ट्रोकमध्ये क्रँक आणि पिस्टनला तेल पेट्रोलच्या मिश्रणासोबतच मिळते. या गाडीत त्यासाठी 'ऑटोल्यूब' पंप आहे. इंजिनाची गती आणि थ्रॉटल पाहून तो तेल सोडतो. पंपाची केबल ढिली असेल किंवा तेलाच्या नळीत हवेचा बुडबुडा अडकला, तर एका बाजूचा सिलिंडर कोरडा पडतो आणि चालवणाऱ्याला पत्ताही लागत नाही. त्यामुळे अनेक जण पंपच काढून टाकतात आणि पेट्रोलच्या लिटरमागे साधारण ३० ते ४० मिलिलिटर टू-टी तेल टाकीत मिसळतात. खात्रीचा उपाय, पण प्रत्येक वेळी पंपावर माप घेऊन उभे राहावे लागते. त्यात आणखी एक गोम आहे. लांब उतारावर थ्रॉटल बंद ठेवून गिअरमध्ये गाडी उतरवली, तर इंजिन जोरात फिरते पण पेट्रोल येत नाही, म्हणून तेलही येत नाही. अशा वेळी मधूनमधून थोडा थ्रॉटल द्यायला हवा.

तिसरे कारण सर्वांत फसवे. क्रँकच्या टोकांना असलेले ऑइल सील वर्षानुवर्षे उभ्या गाडीत कडक होतात. मॅग्नेटोच्या बाजूचे सील गेले, तर तिथून जादा हवा आत शिरते, मिश्रणात पेट्रोल कमी पडते आणि तो सिलिंडर तापतो. क्लचच्या बाजूचे गेले, तर गिअरबॉक्सचे तेल इंजिनात ओढले जाते आणि पांढरा धूर थांबत नाही. गाडी खरेदी करताना म्हणूनच नुसता रंग आणि क्रोम पाहू नये. पाच-दहा किलोमीटर चालवून दोन्ही प्लग काढून बघावेत. टोकाचा रंग बिस्किटासारखा असेल तर ठीक. एक पांढरा आणि दुसरा काळा असेल, तर क्रँक उघडण्याच्या खर्चाची तयारी ठेवावी. एकदा सीझ झाले की सिलिंडर बोअर करून पाव मिलिमीटरने मोठा पिस्टन बसवावा लागतो. असे मोजकेच टप्पे मिळतात, नंतर लाइनरच बदलावा लागतो. अस्सल सुटे भाग आता जुन्या साठ्यातून किंवा परदेशातून येतात. बाजारातल्या स्वस्त पिस्टनवर भरवसा ठेवण्यात अर्थ नाही.

ई-२० पेट्रोलने काय बदलले?

बरेच. २० टक्के इथेनॉल असलेले पेट्रोल २०२५ पर्यंत देशभर रुळले. महाराष्ट्रातल्या साखर कारखान्यांना त्याचा आधार मिळाला, हे खरे. पण इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो आणि तेवढ्याच हवेला ते जास्त लागते. नव्या गाड्यांतला संगणक ते ओळखून इंधन वाढवतो. राजदूतचा कार्ब्युरेटर मात्र १९८३ च्या पेट्रोलसाठी छिद्र पाडलेला आहे. तोच जेट ठेवला, तर मिश्रण पातळ होते, इंजिन जास्त तापते आणि वर सांगितलेला सीझचा धोका महामार्गावर पूर्ण थ्रॉटलला समोर येतो. उपाय फार महाग नाही. दोन्ही कार्ब्युरेटरचा मेन जेट एक-दोन मापांनी मोठा करणे, सुईची क्लिप एक खाच खाली सरकवणे आणि प्लगचा रंग पुन्हा तपासणे. फक्त दोन्ही बाजूंना सारखेच बदल हवेत.

इथेनॉल हवेतले पाणीही शोषते. आठवड्यातून एकदा निघणाऱ्या गाडीच्या टाकीला त्यामुळे आतून गंज धरतो आणि जुन्या रबरी नळ्या फुगतात. पावसाळ्यात गाडी उभीच राहणार असेल, तर कार्ब्युरेटरच्या वाटीचा खालचा बोल्ट उघडून पेट्रोल काढून टाकलेले बरे.

कोणते बदल शहाणपणाचे, कोणते नाहीत?

मूळ गाडीत पॉइंटवर चालणारे इग्निशन आहे, दोन सिलिंडरसाठी दोन पॉइंट. ते झिजतात आणि टायमिंग सरकते. त्याजागी इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवणे हा बहुतेक जाणकारांना मान्य असलेला बदल. टू-स्ट्रोकला इंजिन ब्रेकिंग जेमतेम असते, त्यात पुढे ड्रम ब्रेक. तोही पाण्यात भिजला की पकड कमी होते. म्हणून पुढे डिस्क बसवण्याकडे कल असतो, आणि तांत्रिकदृष्ट्या तो योग्यही आहे.

फुगीर पोटाचे 'एक्सपान्शन चेंबर' हा मात्र हौसेचा विषय. त्याच्या निमुळत्या टोकावरून परतणारी दाबाची लाट बाहेर निसटणारे ताजे मिश्रण पुन्हा सिलिंडरमध्ये ढकलते, त्यामुळे वरच्या गतीला ताकद वाढते. पण खालच्या गतीला ती कमी होते, जेट बदलावाच लागतो आणि शहरात गाडी चालवणे कटकटीचे होते. नुसता मूळ सायलेन्सर कापून आवाज वाढवणाऱ्यांना तर ताकदही मिळत नाही.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाने दिलेल्या मूळ रचनेविरुद्ध बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच अधोरेखित केले. कलम १८२अ खाली प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. गोंगाट करणाऱ्या सायलेन्सरसाठी कलम १९० वेगळे आहे, त्यात पहिल्या गुन्ह्याला १० हजारांपर्यंत दंड आहे. म्हणजे जीव वाचवणारा डिस्क ब्रेक आणि कान फोडणारा सायलेन्सर कायद्याच्या एकाच चाळणीतून जातात. डिस्क बसवणाऱ्याने म्हणूनच आधी आरटीओत विचारणा करणे आणि अपघात विम्याच्या दाव्यात हा मुद्दा निघू शकतो हे लक्षात ठेवणे गरजेचे.

कागदपत्रांचा भागही हलका नाही. १५ वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण, त्यासोबत पर्यावरण कर. २० वर्षांहून जुन्या दुचाकीसाठी केंद्राने ऑगस्ट २०२५ मध्ये नूतनीकरण शुल्क २ हजार रुपये केले. तपासणीत चेसिस आणि इंजिनाचा क्रमांक आरसीशी जुळावा लागतो. राजदूतच्या बाबतीत अनेकांचे घोडे येथेच अडते. कारण चाळीस वर्षांत कित्येक गाड्यांची इंजिने बदलली गेली आणि नोंद कोणी केलीच नाही. अशी गाडी स्वस्तात मिळत असेल, तर आधी आरसी पाहावी, इंजिन नंतर.