रस्त्यावर न येता शाबासकी

जपानमध्ये १९२० साली एक शर्यत सुरू झाली. तिचे नाव हाकोने एकिदेन. विद्यापीठांचे संघ टोकियोहून डोंगरातील हाकोने येथे धावत जातात आणि दुसऱ्या दिवशी धावत परततात. एकूण अंतर सुमारे २१७ किलोमीटर! प्रत्येक संघाचे दहा विद्यार्थी आळीपाळीने धावतात. आपला टप्पा संपला की धावपटू अंगावरचा पट्टा पुढच्याच्या हाती देतो.

ही शर्यत दरवर्षी २ व ३ जानेवारीला होते. एरवी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लोकांची दाटी असते. पण २०२१ साली करोनाची साथ होती. धावपटू तर थोडेच होते. मोठा धोका गर्दीचा होता. लोक खेटून उभे राहतात, मोठ्याने ओरडतात. अशाने रोग झपाट्याने पसरतो. म्हणून संयोजकांनी विनंती केली, की लोकांनी रस्त्यावर येऊ नये, शर्यत घरीच टीव्हीवर पाहावी.

काही लोक आलेच. पण गर्दी खूपच कमी झाली. शेवटच्या टप्प्यात कोमाझावा विद्यापीठाच्या धावपटूने पुढच्याला मागे टाकले आणि त्याचा संघ जिंकला. असंख्य लोकांनी घरातूनच टाळ्या वाजवल्या. त्यांच्या संयमामुळेच जुनी परंपरा खंडित झाली नाही.