आढं, पाखी आणि पागोळ्या
झाडांमधला मुक्काम : भाग ५

जुलैतली रात्र. भीमाशंकरच्या बाजूला एका वाडीबाहेर, वाडीतल्यांना विचारूनच, दोन जांभळांच्या मध्ये हॅमॉक टांगला होता. वर त्याच आठवड्यात घेतलेला कोरा टार्प. दोनच्या सुमारास कमरेखाली गार लागलं. हात लावला तर कापड थबथबलेलं. पहिली शिवी अर्थातच टार्पला घातली. मग बॅटरी लावून पाहिलं, तर टार्पची आतली बाजू ठणठणीत कोरडी! पाणी वेगळ्याच वाटेनं येत होतं. जांभळाच्या खोडावरून उतरणारा ओघळ पट्ट्यापाशी वळत होता, पट्ट्यावरून हॅमॉकच्या दोरीवर, दोरीवरून कापडावर, आणि कापडाच्या सगळ्यात खोल जागी, म्हणजे माझ्या कमरेखाली, साचत होता. बुटाची नाडी काढली, टार्पच्या कडेपासून चार बोटं आत त्या दोरीला बांधली आणि तिची टोकं खाली लोंबती सोडली. मिनिटाभरात नाडीच्या टोकावरून थेंब ठिबकायला लागले. दोरीचा पुढचा भाग हळूहळू निथळला.

तेव्हापासून टार्प निवडताना मी कापड शेवटी बघतो. पाणी कापडातून क्वचित येतं. ते कडेनं येतं, शिवणीतून येतं आणि दोरीवरून येतं. दुकानात मात्र सगळी चर्चा कापडाची.

आपल्या कौलारू घरांनी हे गणित कधीच सोडवून ठेवलंय. आढं, दोन बाजूंना उतरलेली दोन पाखी, आणि भिंतीच्या बऱ्याच बाहेर काढलेली वळचण. टार्पला याहून वेगळं काही लागत नाही. आधी आढ्याची लांबी. गेल्या आठवड्यात पाहिलं, की ११ फुटी हॅमॉकच्या दोन टोकांमधली दोरी त्याच्या लांबीच्या ८३ टक्के ठेवायची, म्हणजे नऊ फुटांच्या थोडी वर. दोन्ही टोकांना फूटभर तरी वळचण हवी, म्हणून आढं किमान ११ फूट. घाटमाथ्यावर पाऊस सरळ पडत नाही, आडवा येतो. त्या झडीसाठी मी १२ धरतो.

आता आकार. ८ बाय ८ फुटांचं चौकोनी कापड कर्णावर टाकलं तर आढं ११.३ फूट मिळतं. हलकं, स्वस्त, चार दोऱ्यांत उभं राहतं. पण डोकं आणि पाय जिथे असतात, तिथेच त्याची रुंदी शून्याकडे जाते. डिसेंबरातल्या दवाला ठीक, जुलैत नको. दुसरा प्रकार षटकोनी, चारही कोपरे तिरके छाटलेला. त्याच्या कडा बहुधा आतल्या बाजूला किंचित वक्र कापलेल्या असतात. दोन खुंट्यांना सैल बांधलेली साखळी जशी झोल खाते, तसा हा वक्र. त्यामुळे ताण कडेभर सारखा वाटला जातो आणि कड वाऱ्यात फडफडत नाही. जगात हॅमॉकवाल्यांचा सगळ्यात आवडता प्रकार हाच असावा. मला मात्र सह्याद्रीसाठी साधा आयत बरा वाटतो, १० बाय १२. पाच-पाच फुटांची दोन पाखी जमिनीलगत ओढता येतात, टोकाचे कोपरे आत दुमडून दाराची फळी लावल्यासारखं बंद करता येतं, आणि पाऊस थांबला की एक पाखं दोन काठ्यांवर उचललं की झाली पडवी. तिथे स्टोव्हवर चहा ठेवायचा. हे सुख वक्र कडेच्या टार्पमध्ये निम्मंच मिळतं.

कापडाचंही बोलू, नाहीतर वाचक रागावतील. शेतीच्या दुकानातली ताडपत्री सगळ्यात हाताशी. शब्द ऐकून ताडाचं पान डोळ्यासमोर येतं, पण तो इंग्रजी टारपॉलिनवरून वळलेला आहे आणि त्यातला टार म्हणजे डांबर. जहाजावरची माणसं कॅनव्हासला डांबर फासून पाणी अडवत. आजची ताडपत्री प्लास्टिकच्या विणीची. तिच्यावर जीएसएम छापलेलं असतं, म्हणजे एका चौरस मीटरचं वजन ग्रॅममध्ये. १० बाय १२ फूट म्हणजे सुमारे ११ चौरस मीटर. तेव्हा १२० जीएसएमची ताडपत्री १.३ किलो भरते आणि २०० ची २.२ किलो. गाडी जवळ असेल तर खुशाल घ्या. पाठीवर घेऊन गड चढायचा असेल तर सिलिकॉन लावलेलं नायलॉन किंवा पॉलिएस्टर घ्या. त्याच मापाचा टार्प दोऱ्यांसकट सहाशे-सातशे ग्रॅमच्या आसपास बसतो. लेबलवरचं २० किंवा ३० डेनियर म्हणजे त्यातला धागा ९,००० मीटर तोलला तर तितके ग्रॅम भरेल. आकडा मोठा, तर धागा जाड.

नायलॉन पाणी पितं आणि सैल पडतं. संध्याकाळी तबल्यासारखा ताणलेला टार्प मध्यरात्री पोट सोडतो, पोटात पाणी साचतं, आणि मग ते नाकापर्यंत खाली येतं. पॉलिएस्टर असं फारसं करत नाही, म्हणून पावसाळी वापरासाठी माझं मत त्यालाच. डायनीमाचं पारदर्शक कापड ना पाणी पितं ना ताणतं, पण त्याची किंमत ऐकून मीच सैल पडतो. एक इशारा मात्र काही कापडांवरच्या पीयूच्या, म्हणजे पॉलियुरेथेनच्या, थराबद्दल. ओला टार्प गुंडाळून माळ्यावर टाकला, तर दमटपणानं तो थर विरघळत जातो. माझा एक असाच गणपतीनंतर उघडला, तर आंबूस वास आणि जिलेबीच्या कागदासारखा चिकटा. तो गेला तो गेलाच.

खरी मजा आणल्यानंतरच्या कलाकुसरीत आहे. ताडपत्रीची ॲल्युमिनियमची डोळी वाऱ्याचा पहिला झटका बसला की फाटून हातात येतात. बॅगा दुरुस्त करणाऱ्याकडे जाऊन प्रत्येक कोपऱ्यावर दुहेरी कापड आणि नवारीचा फास शिवून घ्या, आढ्याच्या दोन टोकांना तर नक्कीच. पाख्याच्या मध्यावरही एखादा फास असला तर तिथून बाहेर ओढून आत कोपर हलवायला जागा होते. सिलिकॉनच्या कापडाला तिथे भोक पाडवत नसेल, तर ओढ्यातला सुपारीएवढा गुळगुळीत खडा आतून कापडात धरायचा आणि बाहेरून त्याच्या मानेला दोरीचा फास आवळायचा. आजी पदराच्या टोकाला नाणं बांधायची, तीच गाठ. कापडाला इजा नाही, सकाळी सोडलं की खडा परत ओढ्यात.

आढ्याची शिवण झोपलेल्याच्या बरोबर नाकावर असते. सिलिकॉनचं कापड असेल तर हार्डवेअरच्या दुकानातलं शुद्ध, पारदर्शक सिलिकॉन सीलंट घ्या, मिनरल टर्पेंटाइनमध्ये पातळ रंगाइतपत घोळा आणि जुन्या टूथब्रशनं शिवणीच्या भोकाभोकांत जिरवा. हे काम मोकळ्या हवेत आणि विडी-काडीपासून लांब. पीयूच्या थरावर हे मिश्रण धरत नाही. तिथे पीयूचंच सीलंट लागतं.

नायलॉनच्या झोळावर इलाज सायकलवाल्याकडे आहे. जुन्या ट्यूबची बोटभर रुंद पट्टी कापून ती बाजूच्या दोरीवर दोन गाठींच्या मध्ये ताणून बांधा आणि तेवढ्या भागात दोरीचा छोटा वळसा सैल राहू द्या. कापड सैल पडलं की रबर आखडतं आणि ताण टिकतो. रबर तुटलंच तर दोरी धरतेच. पाच रुपयांचा हा जुगाड मध्यरात्री बाहेर पडून दोऱ्या ताणण्याचा जाच वाचवतो.

आढ्याला एकच सलग दोरी टाकायची की दोन टोकांना दोन, यावर हॅमॉकवाल्यांत वाद घालता घालता शेकोटी विझते. माझा हिशेब असा, की ताडपत्रीला सलग दोरी द्या, कारण ताण दोरीवर जातो आणि डोळी वाचतात. हलक्या टार्पला दोन टोकांना दोन. सलग दोरी कापडाखालून जात असेल तर तिच्यावरूनही पाणी आत चालत येतं, तेव्हा नाडी तिलाही बांधा. टार्प दोरीवर मागेपुढे सरकवायला प्रुसिकची गाठ, ऑस्ट्रियाच्या कार्ल प्रुसिकनं १९३१ मध्ये मांडलेली. बारीक दोरीचा फास जाड दोरीवर तीन वेळा गुंडाळला, की ताण असताना चिकटून बसतो, ढिला केला की सरकतो.

उंचीत बहुतेक जण चुकतात. टार्प हॅमॉकला जितका चिकटून तितका पाऊस कमी, हे खरंच. पण हॅमॉकचा पट्टा टोकापासून झाडाकडे ३० अंशांत चढत जातो. टार्प टोकाच्या दीड फूट पुढे असेल, तर त्याच्या कडेपाशी तो पट्टा दहा इंच वर आलेला असतो आणि कापडाला रात्रभर घासतो. म्हणून आढं हॅमॉकच्या टोकांपासून फूटभर वर. तुम्ही बसलात की हॅमॉक आणखी खाली जाणार. तेव्हा एकदा बसून घ्या, मग पाखी ओढा. रुंद बाजू वाऱ्याकडे, आणि त्या बाजूचं पाखं दुसऱ्यापेक्षा खाली.

पाऊस लागण्याआधी हे सगळं एकदा गच्चीवर दोन खांबांना बांधून बघा. बादलीभर पाणी टार्पवर नको, खांबावर ओता आणि ते दोरीवरून कुठपर्यंत येतं ते बघत बसा. पुढच्या भागात पाठीखालचा गारठा.