काळा धूर म्हणजे ताकद नव्हे

जुन्या ट्रकविषयी दोन टोकांची मतं कानावर येतात. ‘जुन्या इंजिनाचा जोर नव्या गाडीला नाही’ हे एक आणि ‘गाडी जुनी झाली की ॲव्हरेज गेलंच’ हे दुसरं. डिझेल इंजिन चालतं कसं हे पाहिलं, की दोन्ही मतं अर्धवट ठरतात.

डिझेल इंजिनात ठिणगीची गरज नसते. सिलिंडरमधली हवा पिस्टन सतरा-अठरा पट दाबतो, ती ५०० अंश सेल्सिअसच्या वर तापते आणि नोझलमधून फवारलेलं डिझेल त्यात आपोआप पेटतं. आत जेवढी हवा, तेवढंच डिझेल पुरतं जळणार. चढाला गाडी दमते म्हणून काही जण मिस्त्रीकडून पंपाचं डिझेल वाढवून घेतात. थोडा जोर वाढतोही, पण हवा तेवढीच असल्यानं जास्तीचं डिझेल अर्धवट जळतं आणि त्याची काजळी होते. काळा धूर सोडणारी गाडी मालकाचे पैसेच हवेत सोडत असते. एअर फिल्टर चोंदला तरी हेच घडतं.

दुसरा समज जिवावर बेतणारा आहे. उतारावर गाडी न्यूट्रल केली की डिझेल वाचतं म्हणे! प्रत्यक्षात गाडी गिअरमध्ये उतरत असताना ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला, तर चाकंच इंजिन फिरवतात आणि जुन्या यांत्रिक पंपातला गव्हर्नरही इंधन तोडतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन सुरू ठेवायला डिझेल लागतच राहतं. शिवाय इंजिनाचा अटकाव नाहीसा होऊन सगळा भार ब्रेकवर येतो. ते तापले की पकड सोडतात. इंजिनच बंद केलं, तर एअर ब्रेकला हवा पुरवणारा कॉम्प्रेसरही थांबतो. पुण्यात कात्रजचा नवा बोगदा ते नवले पूल या उतारावरच्या अपघातांनंतर न्यूट्रलची सवय वारंवार चर्चेत आली, ती उगाच नाही.

वेगाचं गणितही ध्यानात घ्यावं. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. ताशी ६० किलोमीटरवरून ८० वर गेलं, की तो सुमारे पाऊणशे टक्क्यांनी वाढतो. ताडपत्री फडफडत असेल तर त्यात आणखी भर. टायरमधली हवा कमी असेल, तर प्रत्येक फेऱ्यात रबर जास्त दबतं आणि डिझेलची ऊर्जा टायर तापवण्यात जाते.

मग वयाचा काहीच दोष नाही? आहे. पिस्टनच्या रिंगा झिजल्या की दाब कमी होतो, नोझल झिजलं की फवारा बारीक पडत नाही. हे भाग बदलता येतात. मात्र एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ गाड्यांमध्ये इंधन किती आणि कधी फवारायचं हे संगणक ठरवतो. तेवढी अचूकता जुन्या पंपाला साधत नाही. धुराच्या बाबतीत तर जुनी गाडी नव्या गाडीच्या जवळपासही येणार नाही.

म्हणून जुनी गाडी विकण्याआधी किंवा तिचे गोडवे गाण्याआधी फिल्टर, नोझल आणि टायरची हवा तपासा. मग तोच रस्ता आणि तेवढाच लोड ठेवून, टाकी फुल ते टाकी फुल असं ॲव्हरेज काढा. ऐकीव मतापेक्षा तो आकडा खरा.