तेरा तासांचा रोजा आणि एकवीस किलोमीटरचा रस्ता

इंझोरीच्या रस्त्यावर पहाटे धावणारा माणूस दिसला, की लोक दोनच अंदाज बांधतात. वय विशीचे असेल तर पोरगा पोलीस भरतीची तयारी करतोय. चाळिशीच्या पुढचा असेल तर डॉक्टरने साखर वाढल्याचे सांगितले असणार. या दोन्हींत न बसणारा कोणी धावू लागला, की पारावरून हमखास विचारणा होते, "कायले पळता गा चाचा? भरती त निघून गेली तुमची!" हा प्रश्न मी गेली काही वर्षे ऐकतो आहे. रमजानच्या निमित्ताने त्याचे उत्तर द्यावेसे वाटले.

माझ्या धावण्याला मुंबईची ओढ लागली ती मॅरेथॉनमुळे. २००४ मध्ये सुरू झालेली ही शर्यत आता जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी होते. पूर्ण मॅरेथॉन ४२.१९५ किलोमीटरची, अर्धी २१.०९७ किलोमीटरची. ज्यांना एवढे जमत नाही त्यांच्यासाठी लहान दौडीही असतात. सगळे मिळून साठ हजारांहून जास्त लोक त्या सकाळी रस्त्यावर असतात. त्यांतले बक्षिसासाठी धावणारे मोजकेच. बाकी सगळे तुमच्या-माझ्यासारखे. कोणी बँकेत नोकरीला, कोणी शिक्षिका, कोणी निवृत्त झालेले आजोबा. पहिला कोण आला हे त्यांना दुसऱ्या दिवशीच्या पेपरात कळते. गेल्या वर्षीपेक्षा दोन मिनिटे कमी लागली, एवढ्यावर ते खूश असतात.

आपल्याकडून जायचे तर मूर्तिजापूरला रात्रीची विदर्भ एक्स्प्रेस धरायची आणि सकाळी सीएसएमटीला उतरायचे. ओळखपत्र दाखवून छातीवर लावायचा नंबर आदल्या दिवसांतच घ्यावा लागतो. त्याला 'बिब' म्हणतात. बिबच्या मागे एक लहानशी चिप चिकटवलेली असते. रस्त्यावर ठिकठिकाणी पट्ट्या टाकलेल्या असतात. आपण पट्टीवरून गेलो, की चिप आपली वेळ नोंदवते. कोणी मधूनच शिरला किंवा वाट तोडून गेला, तर त्याची नोंद गहाळ दिसते. म्हणजे शर्यतीत तुमच्यावर पहारा असतो.

रोजाला असा पहारा नाही. बंद खोलीत कोणी घोटभर पाणी प्याले तर ते कोणाला कळणार? तरीही रोजेदार पीत नाही. रोजा हा बंदा आणि अल्लाह यांच्यातला मामला आहे, असे आमच्याकडे म्हणतात ते यामुळेच. पण मुंबईच्या रस्त्यावर मला एक गोष्ट दिसली. पंधराव्या किलोमीटरनंतर पाय जड झाले, की कोणालाच चिप आठवत नाही. शेजारून जाणाऱ्याशीही स्पर्धा उरत नाही. थांबू की नको, एवढाच प्रश्न राहतो आणि त्याचे उत्तर ज्याचे त्यालाच द्यावे लागते. दुपारी चार वाजता रोजेदाराच्या मनात जे चालते, ते याहून फार वेगळे नसते.

अर्धी मॅरेथॉन माहीमहून पहाटे पाचच्या सुमारास निघते. जानेवारीत मुंबईत फजरच्या नमाजची वेळ सहाच्या आसपास सुरू होते आणि सव्वासातच्या आत सूर्य उगवतो. माझ्यासारखा अडीच तास लावणारा माणूस फजरच्या अख्ख्या वेळेत रस्त्यावरच असतो. म्हणून घरूनच वुजू करून निघायचे. धावणाऱ्यांची आखूड चड्डी न घालता गुडघ्याखाली येणारी पँट घालायची आणि खिशात मोठा रुमाल ठेवायचा. वांद्रे-वरळी सागरी सेतू एरवी पायी चालणाऱ्यांना बंद असतो. त्या दिवशी तो आपल्याला मिळतो. खाली काळे पाणी, वर गार वारा आणि हजारो बुटांचा एकसारखा आवाज. सेतू उतरून वरळी सी फेसला आलो, की मी गर्दीतून बाहेर पडतो. फूटपाथच्या कडेला बूट काढतो आणि रुमाल अंथरतो. आपल्याकडून किब्ला पश्चिमेला, त्यामुळे तोंडासमोर समुद्रच असतो. दोन सुन्नत, दोन फर्ज. चिप तिकडे मिनिटे मोजत राहते. माझ्या प्रमाणपत्रावर जी वेळ छापून येते, तिच्यात नमाजची पाच मिनिटे धरलेली असतात. ती वजा करून मिळावीत असे मला कधी वाटले नाही.

एका वर्षी सलाम फेरून मान वळवली, तर एक बाई माझ्या बुटांपाशी उभ्या होत्या. गर्दीत कोणाची लाथ लागून बूट रस्त्यावर जाऊ नये म्हणून थांबल्या होत्या. "झालं ना? चला मग," एवढे बोलून त्या पळू लागल्या. त्यांचे नाव मला माहीत नाही. त्यांनीही माझे विचारले नाही.

या शर्यतीची खरी श्रीमंती रस्त्याच्या कडेला असते. पुढे हाजी अली डाव्या-उजव्या गर्दीतून दिसू लागते आणि मग पेडर रोडचा चढ लागतो. इथे भल्याभल्यांचा दम निघतो. नेमके इथेच आसपासच्या इमारतींतले लोक खाली उतरून उभे असतात. कोणाच्या हातात सोललेल्या संत्र्याच्या फोडी, कोणाकडे बिस्किटे, कोणाकडे मीठ-साखरेचे पाणी. लहान पोरे टाळी द्यायला हात पुढे करून थांबलेली असतात. समोरून येणाऱ्याची जात, धर्म, गाव यांतले काहीच त्यांना ठाऊक नसते. ठाऊक असते ते एवढेच, की हा दमला आहे. मुहर्रमची सबील असो की पंढरीच्या वारकऱ्यांना वाटेत मिळणारे चहा-पाणी, भाव हाच असतो. विदर्भाचा माणूस म्हणून मला संत्र्याची फोड तोंडात गेल्यावर घरचे कोणी भेटल्यासारखे होते. अनेक जण एखाद्या संस्थेसाठी देणग्या गोळा करून धावतात. घाम आपला, पैसा दुसऱ्याच्या कामाला. जकात आणि फितऱ्याच्या या महिन्यात हे सांगायला हवे.

आता कळीचा प्रश्न. चांद्र वर्ष सौर वर्षाहून सुमारे अकरा दिवसांनी लहान असते, म्हणून रमजान दरसाल अलीकडे सरकतो. आजवर मुंबई मॅरेथॉन एकदाही रमजानमध्ये आलेली नाही. पण जानेवारीतला तिसरा रविवार कायम राहिला, तर चंद्राच्या हिशेबाने २०२९, २०३० आणि २०३१ अशी सलग तीन वर्षे ती रमजानमध्येच येईल. तेव्हा माझ्यासारख्याने काय करायचे?

आजारी आणि मुसाफिर यांना कुरआनने रोजा पुढे ढकलण्याची सवलत दिली आहे. सुटलेले रोजे नंतर भरून काढायचे. इंझोरीहून मुंबईला गेलेला माणूस मुसाफिरच. कोणी म्हणेल, मग अडचण काय? नियमाची बाब आलिमांना विचारावी, ते सांगतील. पण दमलेल्या प्रवाशासाठी असलेली सवलत मी हौसेसाठी वापरावी, हे माझ्या मनाला पटत नाही. रोजा ठेवून एकवीस किलोमीटर पळणे हाही शहाणपणा नाही. घाम गेल्यावर पाणी मिळाले नाही तर शरीर ऐकत नाही. शर्यत दुसऱ्या वर्षी पुन्हा येते. माझा प्रश्न इथे मिटतो.

आपल्या गावच्या पोरांचा प्रश्न मात्र इतक्या सहज मिटत नाही. पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावे लागते. पन्नासपैकी वीस गुण त्या धावण्याला असतात. त्यांची तारीख त्यांच्या हातात नसते. चाचणी रमजानमध्ये आली, तर एका सेकंदावर घरची चूल अवलंबून असते. त्या दिवशी पोराने रोजा ठेवावा की नंतर भरून काढावा, हे त्याने आलिमांना आणि घरच्या मोठ्यांना विचारून ठरवावे. पारावर बसून त्याच्या ईमानचे माप काढायचा अधिकार कोणालाच नाही. सराव करणाऱ्या रोजेदार मुलांना मी एवढेच सांगतो. यंदाचा रोजा तेरा तासांचा आहे, उन्हही वाढते आहे. पहाटेचा जोरकस सराव महिनाभर बाजूला ठेवा. इफ्तारच्या आधी अर्धा तास नुसते चाला. खरी धाव तरावीहनंतर काढा आणि सहेरीपर्यंत पाणी थोडे थोडे पीत राहा. इथे एक गोष्ट आवर्जून लिहितो. इफ्तारनंतर रस्त्यावर पळायला जाणाऱ्या आमच्या पोरांसोबत त्यांचे हिंदू आणि बौद्ध मित्रही आपली पहाटेची वेळ बदलून रात्री येतात. अंधारात एकटे पळू नये म्हणून. त्यांना हे कोणी सांगितलेले नाही.

२०२९ साली हयात असलो, तर जानेवारीच्या त्या रविवारी मी मुंबईत असेन. अंगावर बिब नसेल. रोजा ठेवून पेडर रोडच्या चढावर संत्री सोलत उभा राहीन. रोजेदाराने स्वतः खायचे नसते, दुसऱ्याला द्यायला कसलीच मनाई नाही. संत्री मात्र इथूनच नेईन.